जयसिंगच्या हातातला दोर

जयसिंग कातळाजवळ कधी बसला नाही. आम्ही कारखान्यातले चार-पाच जण रविवारी कात्रजच्या जुन्या घाटावरच्या काळ्या कातळावर चढायला जायचो आणि तो खाली उभा राहून आमचा दोर धरायचा. वर कोणी असेपर्यंत पाणी प्यायचा नाही, उतरणाऱ्याला 'हात सोड. मी आहे' म्हणण्यापलीकडे बोलायचा नाही. डबा तर सगळे उतरल्याशिवाय उघडायचाच नाही.

"जया, तुझा हा उपास कुठल्या देवाचा?" पोपट विचारायचा.

"तुझ्या वजनाचा," जयसिंग म्हणायचा.

कारखान्यात तो खलाशी होता. म्हणजे क्रेनला ओझं बांधून देणारा आणि खालून हाताने खुणा करणारा. वर क्रेनच्या केबिनमध्ये पोपट. शॉपमध्ये, म्हणजे कारखान्याच्या आमच्या विभागात, आवाज इतका, की बोलणं फुकट. बोट फिरवलं की वर घे, तळहात खाली दाबला की हळू उतरव, मूठ दिसली की जागच्या जागी थांब. जयसिंगची मूठ दिसल्यावर पोपटने लोखंड कधी वीतभरही हलू दिलं नाही. मी वेल्डर. त्या लोखंडाशेजारीच माझं काम असायचं, म्हणून मला हे चांगलं ठाऊक आहे.

दोर जयसिंग स्वतः धुवायचा आणि सावलीत वाळवायचा. कौशल्यावहिनी म्हणायच्या, "घरातल्या सगळ्यांचे कपडे मी धुते. यांच्या दोराला मात्र मला हात लावायची बंदी."

पुढे नवीन यंत्रं आली. त्यांना माणसं थोडी लागत. आमचा शॉप बंद झाला, आम्ही स्वेच्छानिवृत्ती घेतली. रविवारचा कातळ तेवढा राहिला. मग जयसिंगच्या मुलीला, उत्कर्षाला, बंगळूरला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आणि ती आईवडिलांनाही घेऊन जाणार असं ठरलं.

आता दोर कोण धरणार? माझं लक्ष टिकत नाही, हे जयसिंगने मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बाकीचे अधूनमधून येणारे.

"पोपट धरेल," मी म्हणालो.

"धरेल का ते बघतो. तुमचा जीव त्याच्या हातात द्यायचा, तर आधी माझा देतो. नाही जमलं तर दोर बंगळूरला नेतो. तुम्ही पर्वतीच्या पायऱ्या चढा."

निघण्याआधीच्या रविवारी तो, पोपट, मी आणि उत्कर्षा असे गेलो. कातळामागून एक पायवाट माथ्यावर जाते. मी तिकडून जाऊन दोर वर ठोकलेल्या लोखंडी कडीतून ओवला आणि दोन्ही टोकं खाली सोडली. एक टोक चढणाऱ्याच्या कमरेला, दुसरं खाली धरणाऱ्याकडे. चढणारा वर सरकेल तसा ढिला झालेला दोर खालच्याने ओढून घ्यायचा. काम एवढंच, पण ते क्षणभरही सोडता येत नाही.

"बाबा, बीपीची गोळी घेतलीत ना?" उत्कर्षाने विचारलं.

"घेतली. तुझ्या पोपटकाकालाही एक दे."

जयसिंग चढायला लागला. हाताने अंग ओढून घेणारे लवकर थकतात. तो पायांवर उठत होता. एक पाय पक्का झाल्याशिवाय दुसरा हलवत नव्हता. इतकी वर्षं खालून बघितलेलं त्याने वाया घालवलं नव्हतं.

मध्यावर एक उभी, उथळ भेग आहे. तिच्यात हात घालून मूठ आवळायची. मूठ अडकते, मग तिच्या आधाराने वर सरकायचं. जयसिंगने तेच केलं. खालून मूठ स्वच्छ दिसत होती.

पोपटचे हात थांबले. त्याच भेगेत त्याने स्वतः कितीदा मूठ अडकवली होती. पण ही मूठ जयसिंगची होती.

जयसिंग चढत राहिला. दोराला झोळ पडला.

"पोपट, दोर!" मी ओरडलो, आणि तेवढ्यात जयसिंगचा पाय सुटला. पुरुषभर खाली येऊन तो हिसक्याने थांबला. पोपट पुढे फरफटला, खाली बसला, पण दोर त्याने सोडला नाही. उत्कर्षा किंचाळली.

"पोपट्या, झोपलास का?" जयसिंग वरून गरजला.

"तू मूठ दाखवलीस!"

"मग?"

"मग थांबलो! तूच शिकवलंस ना? मूठ ती मूठ."

लोंबकळत्या जयसिंगने आपल्या खरचटलेल्या मुठीकडे पाहिलं. मला वाटलं, दोर बंगळूरला गेला.

"आता मूठ दिसली तरी ओढायचं," तो शेवटी म्हणाला. "थांबायचं असेल तर तोंडाने सांगेन."

"इतक्या वर्षांची सवय आहे, जया."

"मोड."

तो पुन्हा कातळाला भिडला. पुन्हा तीच भेग, तीच मूठ. पोपट स्वतःशीच "ओढ, ओढ" पुटपुटत दोर घेत राहिला. या वेळी झोळ पडला नाही. जयसिंग कडेपर्यंत पोचला.

खरी परीक्षा पुढे होती. उतरताना दोन्ही हात सोडून मागे रेलायचं असतं. सगळं वजन दुसऱ्याच्या हातात. जयसिंगने कड धरून ठेवली. मान वळवून मागच्या पायवाटेकडे पाहिलं. तिथून चालत उतरता आलं असतं.

"जया, हात सोड. मी आहे," पोपट म्हणाला.

"हे माझं वाक्य आहे."

"मग खरं की खोटं ते तूच सांग."

जयसिंगने एक हात सोडला. थोड्या वेळाने दुसरा. क्रेनने मशीनच्या बेडवर जड लोखंडी जॉब ठेवावा, तसं पोपटने त्याला सावकाश, एकही धक्का न देता जमिनीवर ठेवलं.

जयसिंगने कमरेची गाठ सोडली. पोपटचे तळवे उलटे-सुलटे करून पाहिले. शाबासकी वगैरे काही दिली नाही.

"चढ तू," मला म्हणाला.

मध्यावर भेगेत मूठ अडकवून मी खाली पाहिलं. पोपट मान वर करून उभा होता, गप्प. पलीकडे झाडाखाली जयसिंग बसला होता. कातळाकडे पाठ करून. डबा उघडून जेवत होता.

"बाबा, काका अजून वर आहेत," उत्कर्षा म्हणाली.

"असू दे. पोपट आहे ना. लोणचं दे इकडे."