दवाखान्याचा दुखवटा

आमच्या सारीबुलाक गावात माणूस गेलं की आधी सायराकानला बोलावतात, मग मुल्लाला. मेलेल्याचे गुण गाऊन रडण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. जन्मभर काडी न हलवलेल्या माझ्या सासऱ्यासाठी ती अशी रडली, की मला वाटलं, आपण भलत्यालाच पुरतोय. ती शोकगीत गाताना मध्ये बोलायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. एरवी बाई तोंडाळ आहे. शेजारी आहे मी, भोगलंय.

पाच वर्षांपूर्वी तिच्या लेकीला बाळंतपणासाठी शहरात नेत होते. पोर खिंडीतच, गाडीत गेली. तेव्हापासून दोन निवडणुका झाल्या आणि दोन्ही वेळा आम्हाला दवाखाना मिळाला. म्हणजे फीत कापून मिळाला. फिती दोन झाल्या, सुईण एकही आली नाही. यंदा सून जिपारला दिवस गेले, आणि नऊ महिने भरत होते नेमके बर्फानं खिंड बंद व्हायच्या सुमारास. सायराकाननं अकरा अर्ज केले. उत्तर एकच, 'विचाराधीन'.

मग एका सकाळी तिनं अंगणात मयतीचा लोकरी तंबू ठोकला, डोक्याला काळा रुमाल बांधला आणि तालुक्याला निरोप धाडला, "मयत आहे, या."

लग्नाला नाही गेलं तर आमच्याकडे चालतं. मयतीला नाही गेलं तर तोंड दाखवायला जागा उरत नाही. कोण गेलं, हेही आधी विचारायचं नसतं. तालुक्याचे आरोग्याधिकारी जुमाशसाहेब गाडीतून उतरले आणि रिवाजाप्रमाणे लांबूनच हंबरडा फोडत धावत आले, "माझ्या भावा रे! मला सोडून कुठं गेलास रे!"

तंबूतून सायराकानचा सूर आला, "चार खोल्या होत्या म्हणे तुला, माझ्या राजा! खिडक्यांना काचा येणार होत्या! दोनदा बारसं केलं तुझं, जन्माला एकदाही घातलं नाही!"

साहेबांनी हंबरडा आवरता घेतला. माझ्या कानाशी लागले, "मास्तर, गेलंय कोण?"

"दवाखाना, साहेब."

"गावाला वेड लागलंय का?"

"हळू. बाई रडतायत."

पण 'भावा' म्हणून रडत आलेला माणूस घरचा झाला. त्यानं दफन होईपर्यंत तंबूबाहेर काठी टेकून उभं राहायचं असतं. म्हाताऱ्यांनी साहेबांच्या कमरेला पट्टा बांधला, हातात काठी दिली.

"दफन कधी?" साहेबांनी रडवेल्या आवाजात विचारलं.

"मयत आली की," म्हातारे म्हणाले. "तुम्हीच पाठवणार होता ना?"

दुसऱ्या दिवशी साहेबांना सोडवायला जिल्ह्याचे चौघे आले. रिवाज म्हणून तेही रडतच आले, तेही रांगेत उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मंत्रालयाकडून सांत्वनाचं पत्र आणि एक मेंढा आला. पत्र वाचलं, मेंढा खाल्ला. चौथ्या दिवशी साहेबांचे गुडघे सुजले.

"अरे, गुडघे बघायला कुणी आहे का इथं?"

"दवाखाना होता, साहेब," एक म्हातारा म्हणाला. "अल्लानं नेला."

त्या दुपारी साहेबांनी फोनवर कुणाला तरी अशा शिव्या दिल्या, की आम्हाला त्यांचा अभिमान वाटला. हुकूम निघाला: 'दुखवट्याच्या काळापुरती, चाळीस दिवस, एक सुईण.' अनारकुल नावाची सुईण बॅग घेऊन उतरली आणि पाचही जण लंगडत घरी गेले.

चाळीस दिवस झाले, जिपार तशीच. एकेचाळिसाव्या सकाळी तिला कळा सुरू झाल्या आणि तेवढ्यात सुईणीला न्यायला गाडी दारात आली. ड्रायव्हरनं कागद पुढं केला, "दुखवटा संपल्याची सही द्या. खिंड बंद होतेय."

सायराकाननं कागद घेतलाच नाही, दोन पावलं मागं सरली. मी तिला असं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. "संपला कुठं, बाबा?" ती म्हणाली. "ऐक." आणि तंबूत शिरून तिनं सूर लावला. आम्ही सारा गाव मागोमाग. शोकगीत चालू असताना मध्ये बोलायचं नाही, मग सही मागायची कशी? ड्रायव्हर टोपी काढून उभा राहिला. दुपार झाली, बर्फ पडू लागलं. शेवटी त्यानं कागदावर 'दुखवटा चालू' असं लिहिलं आणि एकटाच परतला.

दिवेलागणीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. आम्ही टोप्या उडवल्या, मिठ्या मारल्या. तेवढ्यात सायराकान नातीला छातीशी धरून दारात आली आणि आमच्यावर खेकसली, "दात काय काढताय मेल्यांनो? अजून शेजारच्या तिघी पोटुशा आहेत. रडा!"