आभारातलं नाव

इन्क्युबेटरचं दार उघडण्याआधी ती त्यावर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करायची. मग दार उघडून आतल्या काचेच्या प्लेटांकडे वाकून म्हणायची, "उठले काय बाप्पा?"

आत पांढरी, कापसाच्या पेळूसारखी बुरशी वाढलेली असायची. संत्र्याचं खोड सडवणारी बुरशी. आमच्याकडे त्या रोगाला डिंक्या म्हणतात. बुंध्यातून डिंक पाझरायला लागतो आणि भरलेलं झाड दोन-तीन वर्षांत वाळून जातं. वरूड-मोर्शीच्या बागायतदारांची झोप उडवणाऱ्या त्या बुरशीला ती रोज सकाळी लेकरासारखी उठवायची.

अमरावतीच्या एका कॉलेजातल्या संशोधन केंद्रात मी पीएचडीला लागलो तेव्हा तिचं पाचवं वर्ष चालू होतं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्टोअरची किल्ली कोणाकडे असते, भांडी वाफवायच्या ऑटोक्लेव्हचं झाकण कोणत्या बाजूने दाबलं की बसतं, कोणत्या बाबूकडे जेवणाआधी जायचं आणि कोणाकडे जेवणानंतर, सगळं त्यांना ठाऊक असतं. फक्त आपलं स्वतःचं कधी होणार, तेवढं ठाऊक नसतं. आम्ही तिला ताई म्हणायचो. मोर्शीजवळच्या एका खेड्यातली, संत्र्याच्या घरातली. तिच्या गावात तिच्याआधी कोणी एवढं शिकलेलं नव्हतं.

मी धामणगाव रेल्वेचा. एमएस्सीला पहिला आलेला, त्यामुळे डोक्यात हवा होती. ती चार महिन्यांत उतरली. माझ्या एकाही प्लेटमध्ये हवी ती बुरशी वाढेना. काळी, हिरवी, पिवळी, नको ती सगळी यायची. आमचे मार्गदर्शक सर दारातूनच बघायचे आणि म्हणायचे, "बीएस्सीची पोरं करतात हे." त्यांच्या तोंडून निघणारी दुसरी गोष्ट म्हणजे "ठेवून जा." काहीही लिहून नेलं की टेबलाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायचे, "ठेवून जा."

पाचव्या महिन्यात मी बॅग भरली आणि कोणाला न सांगता बसस्टँडवर जाऊन बसलो. खोलीतल्या जोडीदाराने ताईला फोन केला असावा. धामणगावची गाडी लागायच्या आधी ती आली, माझ्या शेजारी बसली. समजूत वगैरे काही घातली नाही.

"घरी जाऊन काय करशीन?" तिने विचारलं.

"काही तरी करीन."

"बरं. उद्या जाजो. आज मले वरूडले जा लागते, थैल्या उचलाले कोणी नाई. चाल."

मी चिडलो होतो, तरी गेलो. दिवसभर आम्ही तीन बागा फिरलो. ती झाडाच्या बुंध्याशी उकिडवी बसायची, चाकूने सालीचा इवलासा तुकडा काढायची आणि नाकाशी धरायची. "आंबूस वास आला का समजजो. हा आंबला आहे, पाह्य." मग बागवाल्याला रागवायची, "दादा, किती खेपा सांगतलं, पानी खोडाले लागू देऊ नोका!" आणि तो पिकल्या मिशांचा माणूस शाळेतल्या पोरासारखा मान हलवायचा. परतीच्या गाडीत माझ्या मांडीवर मातीच्या थैल्या होत्या. मी म्हणालो, "ताई, माझ्या सगळ्या प्लेटा मेल्या."

"तू जिता आहे ना? मंग होते."

दुसऱ्या दिवशी मी धामणगावला गेलो नाही. तिने माझ्याशेजारी उभं राहून मला हात कसे धुवायचे इथपासून शिकवलं. तीन आठवड्यांनी माझ्या प्लेटमध्ये पांढरं काही तरी उगवलं, तेव्हा टकटक तिने केली आणि दार मला उघडायला लावलं.

तिच्याकडे शंभराच्या आसपास नळ्या होत्या. प्रत्येक नळीत एकेका बागेतली बुरशी. बाकी लोक नळ्यांवर आकडे लिहितात. ती बागवाल्याचं नाव लिहायची. "आकडा मी इसरीन. मानूस कसा इसरू?" दर पंधरा दिवसांनी त्या सगळ्या नव्या अन्नावर घ्याव्या लागत, नाही तर मरत. पाच वर्षं तिने त्या जगवल्या होत्या. दिवाळीलाही ती दोन दिवसांच्या वर घरी राहायची नाही.

तिच्या प्रबंधाची पहिली तीन प्रकरणं सरांच्या टेबलावर पडून होती. सर ती वाचतात की नाही हे पाहायला तिने एक युक्ती केली होती. आपल्या डोक्याचा एक लांब केस तिसाव्या आणि एकतिसाव्या पानाच्या मध्ये ठेवून दिला होता. सर बाहेर गेले की ती हळूच जाऊन बघून यायची. आम्ही विचारायचो, "ताई, केस?"

"आहे तिथंच. आता पांढरा होऊन राह्यला असन."

आम्ही हसायचो. तीही हसायची. अकरा महिने तो केस तिथून हलला नाही.

माझ्या तिसऱ्या वर्षी सरांनी मला बोलावलं. कॉलेजच्या तपासणीला समिती येणार होती आणि त्याआधी केंद्राच्या नावावर एक चांगला शोधनिबंध हवा होता. "प्रयोगशाळेत त्या नळ्या आहेत ना, त्यातल्या चाळीस घे. डीएनए तपासून घे. लिहायचं मी बघतो." नळ्या कोणाच्या आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. मी म्हणालो, "हो सर."

ताईला सांगायला मी दोन दिवस लावले. तिने हातातलं काम थांबवलं नाही. "घे. माह्या प्रबंधालेही कामी येईन," म्हणाली, आणि स्वतः चाळीस नळ्या काढून दिल्या.

निबंध छापून आला. पहिलं नाव माझं. मग सरांचं. मग एका प्राध्यापकांचं, ज्यांना मी आजवर पाहिलेलं नाही. छापायला जाण्याआधी मसुदा माझ्याकडे तपासायला आला होता. नावांच्या ओळीत ती नव्हती, हे मी पाहिलं होतं. सरांच्या दारापर्यंत गेलोही होतो. आत कोणी बसलं होतं. मी परत आलो आणि मग गेलो नाही.

तिचं नाव शेवटी आभारात होतं. तेही आडनाव चुकवून.

तिने तो अंक टेबलावर सपाट ठेवून पहिल्यापासून वाचला. शेवटच्या पानावर आली तेव्हा मी समोर उभा होतो.

"आडनाव तरी बरोबर लिहा लागत होतं रे," ती म्हणाली. मग प्लेटा धुवायला गेली. तिच्याजवळ जायला मला त्या दिवशी धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी बोलली, आणि मी सुटल्यासारखा झालो. ती नेहमीसारखी बोलायची ठरवून बोलली असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी तिचं शेवटचं सादरीकरण झालं. ते झालं की प्रबंध जमा करायचा. तिने आईची मोरपंखी साडी नेसली होती. पडद्यावरची पानं पुढे सरकवायला लॅपटॉपपाशी मी बसलो होतो. तिनेच मला बसवलं होतं, "तुले माहीत आहे कुठं थांबा लागते."

ती छान बोलली. बाहेरगावाहून आलेल्या एका परीक्षकांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढला.

"बाई, हे काम तर या केंद्रातूनच छापून आलं आहे. याच बुरशा, हेच निष्कर्ष. त्यात तुमचं नाव नाही. मग यात तुमचं स्वतःचं नवीन काय?"

सर समोरच्या फाइलमध्ये पाहत होते. ताईने सरांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी एवढंच म्हणायला हवं होतं, की सर, हे सगळं ताईंचं आहे. मी पडद्याकडे पाहत राहिलो. पडद्यावर मोर्शीच्या एका बागेचा फोटो होता.

"मीच जमा केल्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. पुरावा विचारला, तर तिच्या वह्या होत्या. पण त्या वह्यांवर सरांच्या सह्या नव्हत्या. त्याही कधी तरी "ठेवून जा" झाल्या होत्या. परीक्षकांच्या समितीने नव्याने दोन वर्षांचं काम करून आणायला सांगितलं. तिच्या नोंदणीची मुदत तीन महिन्यांत संपत होती आणि शेवटची मुदतवाढ आधीच घेऊन झाली होती. सर म्हणाले, "बघू." पाहिलं कोणीच नाही.

आठवड्याभरात तिने टेबल रिकामं केलं. जाताना नळ्यांचे रॅक माझ्यापुढे ठेवले. "पंधरा दिवसांनी नव्यावर घेत जाजो. उन्हाळ्यात दहा."

मी वर्षभर घेतल्या. मग माझाच प्रबंध लिहायला बसलो. एका मे महिन्यात पाहिलं तर नळ्यांमधलं अन्न सुकून तडकलं होतं. एकही जगली नाही. ते मी तिला कळवलं नाही.

माझी शेवटची तोंडी परीक्षा खुली होती, कोणीही येऊन बसू शकत होतं. मी बोलायला उभा राहिलो आणि मागच्या रांगेत, दाराजवळ, ती दिसली. मोर्शीहून एवढ्या उन्हात आली होती. वाळली होती. परीक्षकांचे प्रश्न संपल्यावर अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं, "श्रोत्यांपैकी कोणाला काही?"

तिने हात वर केला. सर खुर्चीत सावरून बसले.

"या बुरशा कोन्या कोन्या बागांतून आनल्या, ते सांगा," ती म्हणाली.

मी सांगितलं. एकेक गाव, एकेक बागवाल्याचं नाव. न अडखळता सगळी सांगितली. ती ऐकत होती. शेवटचं नाव झाल्यावर म्हणाली, "बरोबर आहे," आणि बसली. टाळ्या झाल्या. गर्दी सरली तेव्हा ती निघून गेली होती.

किती तरी दिवस मी असं धरून होतो, की सोपा प्रश्न विचारून तिने मला सांभाळून घेतलं. तिने बागा विचारल्या होत्या. त्या बागांमध्ये कोण गेलं होतं, हे सांगायला तिने मला जागा करून दिली होती. ते कळायला मला फार वेळ लागला.

मला अकोल्याच्या एका कॉलेजात नोकरी लागली. ती गावीच होती. बागवाले तिला बोलवायचे, ती जायची, झाडं पाहून औषध सांगायची, एवढं ऐकून होतो. फोन करायचं ठरवायचो आणि राहून जायचं. दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्याच्या शेवटी, जुन्या मित्राचा फोन आला. तिला डेंग्यू झाला होता. अंगावर काढला. अमरावतीला आणेपर्यंत हाताबाहेर गेलं.

तेरवीला मी गेलो. गावात शिरतानाच चौकात तिचा फोटो असलेला फलक होता. भावपूर्ण श्रद्धांजली. आडनाव अगदी बरोबर होतं. आणि नावाच्या आधी ठळक अक्षरांत 'डॉ.' छापलेलं होतं.

वडील ओसरीवर बसले होते. मी अमरावतीला तिच्यासोबत होतो असं सांगितल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडलाच नाही.

"आमाले त्यातलं काई समजे नाई सर. एक खेप उन्हाळ्यात अमरावतीहून आली. म्या विचारलं, झालं काय वं? तं म्हने, झालं बाबा. मंग म्या साऱ्या गावात पेढे वाटले. पोरगी म्हने, कायले वाटता? म्या म्हटलं, वाटू नोको त काय!"

हात तसाच धरून ते पुढे म्हणाले,

"तिचं ते सर्टिफिकेट तिथंच राह्यलं वाटते. आमी घर सारं पाह्यलं, भेटलं नाई. तुमी तिथलेच आहा. काढून देसान काय? लावतो म्हटलं." त्यांनी भिंतीकडे बोट केलं. खिळा आधीच ठोकून ठेवलेला होता.

"पाहतो, काका," मी म्हणालो.

त्यानंतर मी मोर्शीकडे गेलेलो नाही.