गोजराबाय दत्तक गेल्या

बोनकोड्याच्या गोजराबाय मढवी वयाच्या एकसष्टाव्या वर्षी दत्तक गेल्या. त्या प्रसंगाला मी हजर होतो.

मी सुधीर. एका मेडिकल कॉलेजात मेडिकल सोशल वर्कर. डॉक्टर नाही, तरी पोरं मला सर म्हणतात, आणि बोनकोड्यात तर मला गल्लीत गाठून लोक मूळव्याधीच्या गोष्टी सांगतात. माझं काम पहिल्या वर्षाच्या पोरांना बसमध्ये घालून वस्तीत नेणं आणि मोजून परत आणणं. आमच्याकडे पहिल्या वर्षाला प्रत्येकाने पाच कुटुंबं दत्तक घ्यायची असतात. शिक्षण संपेपर्यंत त्यांच्या घरी जात राहायचं, वजन-बीपी-साखर बघायची, कोणाला गरज पडली तर दवाखान्यापर्यंत पोचवायचं. आमच्या विभागप्रमुख सरोजिनी मॅडम पोरांना पहिल्याच दिवशी सांगतात, "रोग काय आहे ते वॉर्डात कळेल. तो कुठल्या जिन्यावरून उतरून आला, ते बघायला जा."

त्या वर्षी अबोली नावाची मुलगी माझ्या गटात होती. नेरूळच्या सोसायटीत वाढलेली, आई-वडील मूळचे सांगलीचे, शाळा इंग्रजी. मराठी बोलायची, पण पोळी-भाजी आणि अभ्यास याच्या पलीकडे तिला मराठीचं कधी काम पडलं नव्हतं. तिच्या यादीत पहिलं घर होतं गोजराबायचं.

गोजराबाय म्हणजे गावठाणातल्या जुन्या घराण्यातल्या. सासऱ्यांची भातशेती गेली, तिथे आता कोपरखैरण्याचे सेक्टर आहेत. नवरा देवजी यांनी जाण्यापूर्वी घराच्या जागी तळमजला अधिक तीन असं बांधकाम केलं. तळमजल्याला स्वतः बाय, मुलगा हितेश आणि सून सुचिता. वरच्या अकरा खोल्यांत अकरा बिऱ्हाडं. बायचं हसू असं की खालच्या गल्लीत कुत्री उठून बसायची.

मी योजना समजावली. "बाय, ही अबोली. ही आजपासून तुम्हाला दत्तक घेणार."

बायनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग अबोलीकडे. एवढीशी पोरगी, पांढरा एप्रन गुडघ्याच्या खाली गेलेला.

"मना?"

"हो."

"यी मना दत्तक घेनार? मंग तुजे घरा कंदी यायचा गो मी ऱ्हायला? तुजे आयशीला इचारलास?"

अबोली घाबरून म्हणाली, "आजी, तसं नाही, फक्त फॉर्म भरायचाय."

"फॉरम भरून कोन दत्तक जातंय? सुचिता, नारल हान!"

पुढची वीस मिनिटं माझ्या हातात उरली नाहीत. शेजारच्या बाया जमल्या. अबोलीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, एप्रनचीच ओटी करून त्यात नारळ आणि तांदूळ घातले. बाय प्रत्येकीला सांगत होत्या, "मना डाक्टरनीनं घेतला. तुमाला कोन घेतंय का बघा." समोरच्या भिमाबाई खरंच रुसल्या. त्यांना एका मुलाने दत्तक घेतलं होतं, पण तो मुलगा अजून बसमध्येच डबा खात होता.

मग फॉर्म. बीपीचा पट्टा दंडाला लावला की बायना गुदगुल्या व्हायच्या. अबोली कानात नळ्या घालून ठोके ऐकायला बघायची तोवर बाय तिला तिच्या आईचं माहेर विचारायच्या. चौथ्या प्रयत्नाला आकडा मिळाला. साखर तपासायला बोट टोचायचं म्हटल्यावर बायनी हात पदराखाली घातला, तो काही बाहेर आला नाही.

"काही त्रास होतो का, आजी?"

"चार दिस झाला, वासनाच नाय बग. सुकट खाल्ली तवापासून."

अबोलीने मान डोलावून लिहून घेतलं. काय लिहिलं ते मी तेव्हा पाहिलं नाही.

निघताना बायनी यादी हातात घेऊन नावं मोजायला लावली. "माजे वरच्या लोकांचा नाव कुठं हाय?"

"ते भाडोत्री ना? यादी घरमालकांची आहे."

"मना घेतलास ना दत्तक? मंग माजी बिऱ्हाडा पन आली. अकरा खोल्या हायत. चल वर!"

वरचे लोक म्हणजे महाप्याच्या कारखान्यांत माल चढवणारे, पॅकिंग करणारे, इमारतींवर रंग मारणारे. कोणी जालन्याचे, कोणी बिहारचे. सर्व्हेवाले दिवसा येतात आणि हे लोक दिवसा खोलीत नसतात, म्हणून ते आजवर कुठल्याच यादीत आले नव्हते. मी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, "बाय बरोबर बोलतायत. घ्या लिहून." अबोलीच्या पाच कुटुंबांची एका दुपारी सोळा झाली, आणि ती मागे गोजराबाय घेऊन मजले चढू लागली. सात नंबरला कुलूप होतं.

"या सात नंबरवालीला दिवस गेलेत हां," जिन्यात धापा टाकत बाय म्हणाल्या. "तिला निट बघ."

अबोलीने लिहिलं.

तीन आठवड्यांनी दुसरी फेरी झाली. बाय दारातच. "काय गो, सात नंबरवालीचा काय केलास?"

"आजी, ती तर गावाला गेलीये ना?"

"कोन बोल्ला?"

"तुम्हीच. दिवस गेलेत म्हणालात." अबोलीने फॉर्म काढून दाखवला. खोली सात: काही दिवसांसाठी बाहेर गेली आहे.

सुचिताने आधी तोंडावर हात ठेवला. मग बायना अर्थ लागला आणि त्या खाली पायरीवर बसल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी काढत हसल्या. मध्येच थांबून "दिवस गेलं, ती नाय गेली!" म्हणायच्या आणि पुन्हा सुरू. मलाही आवरेना. अबोली एकटीच आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. सुचिताने तिला बाजूला घेऊन सांगितलं, "अगं, प्रेग्नंट आहे ती."

अबोली दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली.

सात नंबरमध्ये रंजिता होती. वय एकवीस. नवरा ज्योतिबा महाप्याला माल चढवायचा. तीही पॅकिंगला जायची, पण आठवडाभर चक्कर येत होती म्हणून घरी होती. सातवा महिना. एकदाही तपासणी नाही. कागदपत्रं सगळी गावाला राहिली होती, आणि कागद नसले तर दवाखान्यात उभं करत नाहीत असं ज्योतिबाला कोणीतरी सांगितलं होतं. त्याने कोणाला विचारलंही नाही. अबोलीने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जसं आदल्याच आठवड्यात शिकवलं होतं, आणि माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "सर, हे पांढरं आहे."

सरोजिनी मॅडम त्याच बसने आल्या होत्या, त्या वर आल्या. कागद नसले तरी नोंद होते, हे ज्योतिबाला त्यांनी तीनदा सांगितलं. दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात रंजिताचं नाव लागलं. रक्त, म्हणजे हिमोग्लोबिन, निघालं सात. शिरेतून लोह द्यायचं ठरलं.

फेरीच्या दिवशी परतीच्या बसमध्ये अबोली रडली. "तीन आठवडे, सर. माझ्या फॉर्ममुळे." मी काही तरी समजूत घातली, तिचा उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो बायचा. माझ्याकडून कळल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनीच सुचिताच्या फोनवरून अबोलीला फोन लावला. "रडलीस म्हनं? रडून झाला का? मंग वही घे. मी बोलतय त्या शब्दाचा अर्थ लिव. रोज धा."

आणि रोज दहा शब्द सुरू झाले. दुपारच्या सुट्टीत अबोली कँटीनच्या कोपऱ्यात फोन कानाला लावून बसायची: भोवंड म्हणजे चक्कर, कणकण, धाप, जीव वर-खाली होणं, अंग मोडून येणं, दिवस जाणं, दिवस भरणं. त्याच दरम्यान तिला कळलं की बायच्या बोलीत वासना म्हणजे जेवणाची इच्छा, आणि तिने जीभ चावून जुना फॉर्म काढून पाहिला.

इकडे बायनी रंजिताचा ताबा घेतला. सुकटीच्या वासाने रंजिताला मळमळायचं. बायना हा स्वतःचा अपमान वाटला. "सुकट नाय खात? मंग मानूस खातंय काय?" शेवटी तह झाला: नाचणीची भाकरी, अळूची भाजी, गूळ-शेंगदाणे, आणि लोहाची गोळी बायसमोर गिळायची. अकरा खोल्यांतल्या सगळ्या बायांना हा कार्यक्रम इतका आवडला की गोळीच्या वेळेला जिन्यात गर्दी व्हायची. पाटण्याची एक बाई तर रंजिताने गोळी गिळली की टाळ्या वाजवायची.

दोन महिन्यांनी कॉलेजात सादरीकरण होतं. प्रत्येकाने आपल्या कुटुंबांबद्दल बोलायचं, जमलं तर कुटुंबाला बोलवायचं. इतरांची एक-दोन माणसं आली. अबोलीच्या दोन जीप आल्या. हितेशने मित्राची गाडी मागून आणली होती. बाय नवं लुगडं, अंगभर सोनं, केसांत अबोलीच्याच फुलांचा वळेसर. त्यांच्यामागे भिमाबाई, पाटण्याची बाई, आणि नववा लागलेली रंजिता.

अबोली उभी राहिली. इतर पोरांनी तक्ते आणि टक्के दाखवले होते. तिने पहिल्याच पडद्यावर लिहिलं होतं: माझ्या चुका. चूक पहिली, बायचा तो पहिला फॉर्म. त्यावर इंग्रजीत स्वच्छ अक्षरात लिहिलेलं, की पेशंटची कामेच्छा कमी झाली आहे. वय एकसष्ट. कालावधी चार दिवस. कारण, सुकट.

सभागृहात हशा फुटला. मागच्या रांगेतले इंटर्न बाकं बडवत होते. बायना इंग्रजी कळेना. "काय लिवलाय? काय लिवलाय?" सुचिताने लाल होत त्यांच्या कानात सांगितलं.

बायनी पडद्याकडे पुन्हा पाहिलं. मग ते हसू आलं. दोनशे पोरांचं हसणं त्याच्याखाली दबून गेलं. हसता हसता त्या उठल्या, पदर खोचला, आणि थेट स्टेजवर. अबोलीच्या हातातला माईक घेतला, उलटा धरला, कोणीतरी सुलट करून दिला.

"यी पोरगी चुकली, पन सांगतेय तरी! तुमी किती हुशार ते बघू. भोवंड म्हंजे काय, कोन सांगतंय?"

बायनी पहिल्या रांगेत बोट केलं. तिथे औषधशास्त्राचे रावसाहेब सर होते, वऱ्हाडातले, अत्यंत गंभीर माणूस. "तुमी सांगा. टाय घातलाय तुमी."

सर उभे राहिले. घसा साफ केला. "भोवरा?"

"बसा!" बाय म्हणाल्या, आणि सर खरोखर बसले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा दात दाखवून हसताना पाहिलं. पुढचा अर्धा तास बायनी अख्ख्या वर्गाकडून शब्द म्हणवून घेतले. "दिवस गेले!" ओरडलं की पोरांनी "प्रेग्नंट!" ओरडायचं. "दिवस भरले!" की "अँब्युलन्स!" सरोजिनी मॅडम डोळे पुसत टाळ्या वाजवत होत्या.

सतरा दिवसांनी, सकाळी अकराला, रंजिताचे दिवस भरले. अबोली शवविच्छेदनाच्या वर्गात होती. फोन आला आणि ती अंगाला फॉर्मलीनचा वास घेऊनच महापालिकेच्या हॉस्पिटलात पोचली. तिथे बाय आधीच थर्मास घेऊन, सहा बायांसकट. रखवालदार सांगत होता की पेशंटबरोबर एकच माणूस थांबेल. बाय त्याला सांगत होत्या, "आमी एकच हाव. एक घर."

पाऊण वाजता मुलगी झाली. दोन किलो सातशे. रंजिता ठीक. ज्योतिबा कामावरून धावत आला, आणि त्याला काय करावं ते सुचेना म्हणून त्याने माझ्याशी दोनदा हस्तांदोलन केलं. बाळ अबोलीपुढे धरलं तर ती मागे सरकली. "नको, मी तशीच आलेय." मग तीनदा हात धुऊन आली, एप्रन काढून ठेवला, आणि हात पुढे केले. मुलीने जांभई दिली. अबोलीने वर पाहून सगळ्यांना सांगितलं, जणू आम्हाला दिसलं नव्हतं, "जांभई दिली!"

त्याच हॉस्पिटलच्या बाकावर बायनी आपणहून पदराखालचा हात बाहेर काढला. "घे, टोच एकदाची." साखर निघाली दोनशे चाळीस. "बर्फीची असंल," बाय म्हणाल्या; आनंदाची बर्फी वाटताना तीन खाल्ल्या होत्या. उपाशीपोटीही जास्तच निघाली, आणि आता त्या गोळी घेतात. जिन्यात, सगळ्यांसमोर. रंजिता टाळ्या वाजवते.

सरोजिनी मॅडमनी पुढच्या वर्षीपासून पहिल्या वर्षाच्या वर्गाला वस्तीत जाण्याआधी गोजराबायचा एक तास ठेवला. चौथीपर्यंत शिकलेल्या बाय सुचिताच्या स्कूटरवरून येतात, खडू घेतात, फळ्यावर काही लिहीत नाहीत, पण खडू हातात लागतो. यंदाच्या वर्गात केरळची एक मुलगी होती. तिने पहिल्या फटक्यात 'कणकण' बरोबर सांगितलं, तेव्हा बायनी तिला कडकडून मिठी मारली आणि तिचा चष्मा वाकवला.

कॉलेजने त्यांना ओळखपत्रही दिलं. निळी फीत, फोटो, खाली 'अतिथी मार्गदर्शक'. ते त्या काढत नाहीत. परवा करंजाड्याला त्यांच्या भाचीचा साखरपुडा होता, मलाही आमंत्रण होतं. चार पदरी हाराच्या वर ओळखपत्र लटकवून बाय पहिल्या रांगेत. माईकवरचा निवेदक मान्यवरांची नावं घेत होता. त्याने कार्डाकडे पाहिलं, डोळे बारीक केले, आणि गर्जला, "मेडिकल कॉलेजच्या सन्माननीय प्राध्यापिका, डॉक्टर गोजराताई देवजी मढवी!"

मला वाटलं, बाय दुरुस्ती करतील. त्या उठल्या, चारी दिशांना हात जोडले, टाळ्या पूर्ण संपेपर्यंत उभ्या राहिल्या. मग माझ्याकडे वाकून म्हणाल्या, "सुदीरभाव, चला लवकर. लोक आता नाडी दाखवाया येतील, त्याचे आधी जेवून घेव."