आधीच पडणाऱ्या वहिनी

ज्युदोचं जाकीट भिजलं की ओल्या सतरंजीसारखं जड होतं. ते एकट्या माणसाने पिळायचं कापडच नव्हे. वहिनींचे यजमान, म्हणजे ज्युदोचे सर, होते तोवर त्याचं एक टोक सरांच्या हातात असे, दुसरं वहिनींच्या, आणि दोघं उलटसुलट पीळ देत मोरीत उभे राहत. सर मुद्दाम जास्त जोर लावायचे आणि वहिनींच्या साडीवर पाणी उडालं की हसायचे. आता वहिनी एक बाही नळाला गुंडाळत आणि दुसऱ्या टोकाशी झुंजत. त्या सकाळी असाच अर्धा पीळ बसला होता, पाण्याची धार अजून थांबली नव्हती, आणि दाराची बेल वाजली. जाकीट तसंच नळाला लटकत ठेवून वहिनी पदराला हात पुसत दाराशी गेल्या.

दारात क्लासला येणारी नर्स उभी होती. रात्रपाळी संपवून थेट आली असावी. डोळे तांबडे, केस कसेतरी बांधलेले.

"ये ना, आत ये. चहा टाकते."

"चहा नको. वहिनी, काल मी पुलापलीकडच्या त्या मोठ्या क्लासला जाऊन आले."

 वहिनींनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. सर गेल्यापासून एकेक जण क्लासमधून कमी होत गेला होता. कोणाची बदली झाली, कोणाचं लग्न झालं, कोणाला वेळच मिळेना. शेवटी ही नर्स तेवढी उरली होती. हीही गेली की वहिनींची बाही धरणारं माणूस या जगात कोणी उरणार नव्हतं. ज्युदो एकट्याने होत नाही. एकटं माणूस देवाचं नाव घेऊ शकतं, स्वयंपाक करून एकटंच जेवू शकतं, फार तर स्वतःशी भांडूही शकतं. पण स्वतःला उचलून पाडू शकत नाही.

"बरं केलंस," वहिनी म्हणाल्या. "चांगला आहे म्हणतात तो क्लास."

"चांगला? माझी शोभा झाली तिथे! एकसुद्धा मुलगी पडली नाही माझ्या हातून. मी धरतेय, ओढतेय, वळतेय, आणि समोरची आपली खांबासारखी उभी. तिथल्या बाईंनी विचारलं, तू खरंच शिकली आहेस का? मी म्हटलं, इतकी वर्षं शिकतेय. तर सगळ्या खुदकन हसल्या." नर्सने पिशवी खुर्चीवर टाकली. "इथे तर मी रोज पाडते तुम्हाला. मग तिथे काय झालं? चला हॉलवर. मला बघायचंय."

सरांचा हॉल म्हणजे छापखान्याच्या वरची लांबट खोली. खालून शाईचा वास आणि यंत्राची खडखड, वर जुन्या हिरव्या मॅट. तिथले सगळे रिवाज सरांनी घालून दिलेले. आल्याआल्या झाडू मारायचा, आणि तोही क्लासमधल्या सगळ्यात जुन्या माणसाने, कारण नव्याला झाडताना कोपरे दिसत नाहीत असं सर म्हणत. मग समोरासमोर वाकून नमस्कार. नव्या माणसाला सुरुवातीला फक्त पडायला शिकवायचे. हनुवटी छातीला, पाठ गोल, हात मॅटवर सपकन. आणि एक नियम असा, की तो मोडला तर सर जेवायचे नाहीत इतके चिडत: पाडणाऱ्याने पडणाऱ्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नाही. आपण पाडलेल्या माणसाचं डोकं वाचवणं आपल्याच हातात असतं.

सर शिकवायचे आणि वहिनी पडायच्या. घरचं आवरून, देवापुढे दोन मिनिटं बसून त्या हॉलवर यायच्या आणि सरांच्या हाताने हवेत जायच्या. त्यांच्या ताईने एकदा फोनवर ऐकवलं होतं, "या वयात लोळण घेतेस चारचौघांत! नवरा घरी बोलतो की नाही तुझ्याशी?" वहिनींनी उत्तर दिलं होतं, "घरी बोलतो, तिथे उडवतो. तुझा काय करतो?" ताई महिनाभर बोलली नव्हती.

वहिनींनी हॉलवरचं दुसरं, कोरडं जाकीट चढवलं आणि झाडू मारला. नमस्कार झाला. नर्सने त्यांची बाही आणि कॉलर धरली, पाय आत टाकला आणि वळली. सपकन आवाज झाला. वहिनी मॅटवर.

"बघ, पडले की!"

नर्स त्यांच्याकडे बघतच राहिली. "वहिनी, मी अजून ओढलंच नव्हतं."

"असं कसं?"

"उठा. परत."

परत तेच. नर्सने नुसता खांदा फिरवला आणि वहिनी पाठीवर. तिसऱ्यांदा नर्सने धरलं, आणि काहीच केलं नाही. नुसती उभी राहिली. तरी वहिनींचा एक पाय आपणहून जमिनीवरून उचलला गेलाच.

"तुम्ही आधीच पडता," नर्स हळू म्हणाली. "मी नाही पाडत. कोणीच नसेल पाडत."

खालचं यंत्र खडखडत होतं. वहिनी मॅटच्या शिवणीकडे बघत राहिल्या.

सरांना अर्धांगवायूचा पहिला झटका आला त्यानंतर त्यांचा डावा हात पूर्वीसारखा उरला नव्हता. बाही धरली की बोटं निसटायची. पण शिकवणं थांबलं तर माणूस खचेल हे वहिनींना कळत होतं. मग सरांनी ओढायच्या थोडं आधीच त्या स्वतः हवेत जायला लागल्या. सुरुवातीला अगदी थोड्या. सरांचं अंग वळायला लागलं की वहिनींचं अंग निघायचंच. फेक झोकात दिसायची, शिकणारे टाळ्या वाजवायचे. हळूहळू ते इतकं अंगवळणी पडलं की सर असोत की कालची आलेली पोर, बाहीला हात लागला की वहिनी निघाल्याच. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याला जमलं. नेमाने येणारी नर्ससुद्धा याच समजुतीत शिकली.

एकदा क्लास संपल्यावर सर पट्टा सोडत म्हणाले होते, "आज मी काही केलं का गं?"

"मग काय मी स्वतःच उडाले?" वहिनी म्हणाल्या होत्या.

सरांनी पट्ट्याची घडी घातली, उलगडली, परत घातली. पुढे कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे विचारायला आता कोणी नव्हतं, आणि होते तेव्हा वहिनींनी विचारलं नव्हतं.

"मी उद्यापासून तिकडेच जाईन," नर्स म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच वहिनींना जास्त लागलं. "मला खोटं नको. नाहीतर तुम्ही उभ्या राहा. पडू नका. जमेल?"

"उभं राहायला काय लागतं?" वहिनी फणकारल्या.

पण खूप लागतं. पडताना वहिनींना ठाऊक असे की मॅट कुठे आहे, पाठ कुठे टेकेल, हात कधी आपटायचा. उभं राहायचं म्हटल्यावर त्यांना हातांचं काय करावं तेच कळेना. नर्सने धरलं, आणि वहिनी खाली. परत धरलं, परत खाली. शेवटी त्या मॅटवरच बसल्या आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या.

नर्स शेजारी बसली. "आमच्याकडे पेशंटला पलंगावरून उचलतो ना, त्यात सगळ्यात धोक्याचं कोण माहितीये? जो मदत करायला जातो तो. आपण नीट उचलत असतो, आणि तो मध्येच अंग पुढे टाकतो, की दोघंही आडवे. अंग सोडून पडलेला पेशंट परवडला. वहिनी, तुम्ही मदत करताय. करू नका ना."

मदत करायची नाही. जन्मभर वहिनींनी दुसरं केलं काय होतं? सरांचा चहा सरांनी मागायच्या आधी, सरांचं वाक्य सरांना आठवायच्या आधी, आणि सरांची फेक सर फेकायच्या आधी.

त्या उठल्या. पाय रोवले. मनात देवाला म्हणाल्या, माझं अंग जरा धरून ठेव बाबा. नर्सने बाही धरून ओढलं. वहिनींचं अंग निघायला लागलं, आणि त्यांनी ते नाही सोडलं. नर्स वळली, कंबर घातली, ओढलं, कण्हली. वहिनी उभ्याच. नर्सने पुन्हा जोर लावला. वहिनी उभ्याच.

त्या उभ्या राहण्यात एकटेपण केवढं होतं! पडताना कोणीतरी आपल्याला नेतं आहे असं वाटायचं. आता कोणी नेत नव्हतं. समोर एक घामाघूम पोरगी धापा टाकत होती आणि वहिनी मॅटच्या मधोमध स्वतःच्या वजनासकट उभ्या होत्या.

"बाई गं, केवढ्या जड आहात तुम्ही!" नर्स म्हणाली.

"मग? हवेवर जगते का मी?"

किती वेळ गेला कोण जाणे. नर्सने पकड बदलली, पायांची जागा बदलली, चिडली, पाणी प्यायली, परत आली. मग एकदा ती काही न बोलता खूप खाली गेली, अगदी वहिनींच्या पोटाखाली, आणि वहिनींचा तोल त्यांना न विचारता गेला. छत फिरलं. हात आपटायला उशीर झाला. पाठ धाडकन मॅटवर आदळली आणि छातीतला श्वास पार निघून गेला. बाही मात्र नर्सच्या मुठीत घट्ट होती. डोकं टेकलं नव्हतं.

"लागलं का? वहिनी, लागलं?"

वहिनींना बोलता येईना. हे त्यांच्या पाठीच्या ओळखीचं होतं. लग्नानंतर पहिल्यांदा सरांनी त्यांना पाडलं तेव्हा असंच छत फिरलं होतं, असाच श्वास गेला होता, आणि सर बाही धरून असेच घाबरून वाकले होते. म्हणजे ते खरं होतं. शेवटच्या काही वर्षांतलं उडणं तेवढं वहिनींचं होतं, सरांचं नव्हे. दोन्ही गोष्टी एकदमच कळल्या, आणि त्या सांगाव्यात असं माणूस या खोलीत नव्हतं.

"नाही लागलं," श्वास आल्यावर त्या म्हणाल्या. "आता हेच परत कर."

नर्सला परत जमलं नाही. त्यानंतर एकदाही जमलं नाही. पण जाताना ती दारात चपला घालत म्हणाली, "परवा माझी दिवसपाळी आहे. संध्याकाळी येते. पण मधल्या वेळात मी कोणावर सराव करू? घरी कोण आहे माझ्या?"

"माझ्या तरी कोण आहे?" वहिनी म्हणाल्या.

नर्स जिना उतरून गेली. वहिनींनी मॅट झटकल्या, खिडक्या लावल्या. मॅटपलीकडे, खोलीच्या टोकाला छताला टेकू दिलेला लोखंडी खांब होता. त्याला सायकलची रबरी ट्यूब बांधून ओढण्याचा सराव सर तरुणपणी करत. ट्यूब कोणाची भीड बाळगत नाही. ती जेवढं ओढाल तेवढीच येते. नर्सला तिच्या घरच्या दाराच्या कडीला बांधायला एक लागेल, आणि वहिनींना या खांबाला एक.

कुलूप लावून वहिनी निघाल्या. चौकातल्या सायकलवाल्याकडे जाऊन दोन जुन्या ट्यूब मागायच्या होत्या.