उतरवून घेतलेली आई

“बाई, हा निबंध आहे की विडी कारखान्याची हजेरी?”

सातवीच्या वर्गात, चाळीस पोरांसमोर संस्थेच्या सचिवांनी मला विचारलं. त्यांच्या हातात माझ्या विद्यार्थिनीची, श्रीदेवीची वही. दोन बोटांत धरलेली, वास येत असल्यासारखी. नाटकी आवाज काढून त्यांनी वाचलं, “माझी आई विड्या वळते. वळताना बोलत नाही. बोललं की विडी सैल पडते.”

मागच्या बाकावरून कुणी फिदीफिदी हसलं. श्रीदेवीनं मान खाली घातली.

“आई म्हणजे माया, वात्सल्य. हे काय लिहून घेता? पण तुमच्याही घरी विड्याच ना? तुम्हाला साहित्य कुठून कळणार!”

मी हात पुढे करून वही परत घेतली. मी शिक्षणसेवक, अजून तात्पुरतीच. कायम व्हायचं तर अहवालावर सही त्यांचीच. सोमवारी पाहुणे वह्या बघायला येणार होते. सचिवांनी हुकूम सोडला, ही पानं फाडा आणि नमुना निबंध सगळ्यांना उतरवून द्या.

ते गेले. मी खडू उचलला. हो, उचलला. खोटं कशाला सांगू? फळ्यावर लिहिलं, माझी आई पहाटे उठून सडा टाकते, तुळशीला पाणी घालते, आम्हाला गोष्टी सांगते.

श्रीदेवी उभी राहिली. “बाई, आमची आई असलं कायच करत न्हाय की. तरी लिहू?”

माझा हात थांबला.

सहावीत मीही हीच आई उतरवली होती. दहापैकी नऊ मिळाले. उड्या मारत घरी गेले. आईला वाचता येत नव्हतं. मांडीवरचं विड्यांचं सूप तसंच ठेवून ती म्हणाली, “वाच.” मी वाचलं, आमच्या घरच्या तेलुगूत समजावूनही सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, “कुणाची आई गं ही?”

मी वही मिटून दप्तरात घातली. तिनं पुन्हा कधी माझी वही मागितली नाही.

ती लाज पोटात घेऊनच मी शिकले, मराठीची बाई झाले. आणि आता तीच लाज चाळीस जणांना वाटायला निघाले होते. मला आधी स्वतःची किळस आली. सचिवांचा राग नंतर आला.

फळा पुसला. श्रीदेवीला म्हटलं, “तुझा निबंध वाच. मोठ्यानं.” मागून पुन्हा कुणीतरी हसलं. ती थांबली नाही.

मधल्या सुट्टीत कार्यालयात गेले. सचिव ‘बसा’ म्हणाले नाहीत. मीच बसले.

“सर, पानं फाडणार नाही. नमुना उतरवून देणार नाही.”

“नोकरी नको झाली काय?”

“हवी आहे. लई हवी आहे.”

एवढं बोलून मी उठले आणि वर्गावर गेले.

सोमवारी पाहुण्यांपुढे याच वह्या जातील. सही करायची की नाही ते सचिवांनी ठरवावं. माझं ठरलं आहे. तुझी आई खोड आणि दुसऱ्याची लिही, असं माझ्या तोंडून यापुढे एकाही पोराला ऐकू येणार नाही.