रफिकच्या दुकानातली आग शॉर्टसर्किटची नव्हती

माझ्या वायरिंगनं रफिक मेला नाही.

आज त्याला जाऊन वर्ष झालं. सकाळपासून सगळ्यांच्या स्टेटसला त्याचा तोच हसरा फोटो, आणि खाली तेच वाक्य. 'शॉर्टसर्किटने हिरावला आमचा भाई.'

नांदेडात कुठंही आग लागली की शॉर्टसर्किट. बोलायला सोपं. मेलेल्याला बोल नाही, विकणाऱ्याला बोल नाही. मग उरतो कोण? इलेक्ट्रिशियन. म्हणजे मी. त्याच्या दुकानाचं वायरिंग माझंच.

वर्षभर ऐकून घेतलं. एका घरात अर्धं वायरिंग झालेलं असताना मालकानं मला वायरच्या बंडलासकट बाहेर काढलं. तरी गप्प बसलो.

आज बसणार नाही. आता त्याच्या धाकट्या भावाच्या, अन्वरच्या, जिवाचा प्रश्न आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रफिक माझा शाळेपासूनचा मित्र. गाद्यांचं दुकान, बापाच्या वेळचं. आत छतापर्यंत कापूस, म्हणून काडेपेटीला बंदी. गिऱ्हाईक अगरबत्तीचा पुडा घेऊन आलं तरी हा तो पुडा पायरीवर ठेवायला लावायचा. स्वतःला बिडीची तलफ आली तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचा.

मग अम्मीनं, म्हणजे त्याच्या आईनं, बिडी सोडवली. परत काहीच ओढणार नाही अशी कसम घेतली त्याच्याकडून.

आणि एका मोबाईल ॲक्सेसरीजवाल्यानं त्याला काउंटरखालून वेप दिलं. ई-सिगारेट. विकायला बंदी असलेली.

"याच्यात आगच न्हाई दिगू. नुसती वाफ हाय. कापसात बसून वढलं तरी काय होत न्हाई."

ज्यानं जन्मभर दुकानात काडी शिरू दिली नाही, तो हे म्हणत होता. आणि मी ऐकून हसलो.

अम्मीला आणि गिऱ्हाइकाला दिसू नये म्हणून तो ते कापसाच्या ढिगात खोचून चार्ज करायचा. सोबतची केबल हरवलेली. म्हणून अन्वरच्या मोबाईलचा तगडा फास्ट चार्जर लावायचा.

"अरे, लई गरम होतंय ते."

"थंडीत बरं," म्हणाला.

त्या दुपारी ते असंच चार्जिंगला लावून तो घरी जेवायला गेला. परत आला तेव्हा शटरखालून धूर येत होता. आत निलंग्याच्या एका लग्नाच्या गाद्या तयार होत्या. त्या काढायला हा शहाणा आत शिरला.

तीन दिवस दवाखान्यात होता. बोलता येत होतं तेव्हा एवढंच म्हणाला, "तेच फुटलं असंल रे. अम्मीला सांगू नको. कसम मोडली म्हणंल."

मी शब्द दिला.

नंतर दुकानात जाऊन बघितलं. बोर्ड शाबूत. मेनची वायर शाबूत. जिथं ढीग होता तिथल्या राखेत वेपची नळी पडलेली, एका तोंडाला फाटलेली. ती मी गुपचूप खिशात घालून घरी आणली.

ज्यानं हे विकलं तो आज स्टेटसला लिहितो, 'दिलदार दोस्त'. लाज वाटू दे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून, वर रंगीत प्लास्टिक चढवून वेपमध्ये घालायला तू अजून विकतोस. दोस्त म्हणू नकोस त्याला.

आणि 'नशिबात होतं' लिहिणाऱ्यांनो, तुमच्यातल्या निम्म्यांच्या खिशात हेच आहे. गादीवर, उशीखाली, कपाटात चार्ज करता. उघड्या फरशीवर ठेवा, त्याच्याच चार्जरनं करा, समोर बसून करा. सेलचं प्लास्टिक फाटलं असेल तर तो वापरू नका. सुटा सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकू नका. खरं तर घेऊच नका, पण माझं कोण ऐकतंय.

परवा अन्वरच्या नव्या दुकानात गेलो. त्याच्या बाजूच्या कापसात एक केबल गेलेली दिसली. ओढली. शेवटाला तेच.

"ह्यानंच गेला तुझा भाऊ."

"बस करा दिगूभाई. सोताच्या वायरिंगचा डाग मेलेल्या माणसाला पुसून राहिले का?"

शॉर्टसर्किट त्याच्या डोक्यात मीच बसू दिलं होतं, गप्प राहून.

तिथून तडक अम्मीकडे गेलो. सगळं सांगितलं. आजवर कुणालाच जे बोललो नव्हतो तेही सांगितलं.

रफिकच्या वेपमधल्या सेलचं प्लास्टिक फाटलं होतं. फेक म्हणायच्या ऐवजी मी पिशवीतला काळा टेप काढून गुंडाळून दिला. आमची खोड. फाटलं की टेप.

शब्द पाळत होतो हे अर्धंच खरं. मी स्वतःलाही वाचवत होतो.

अम्मीनं सगळं ऐकून एकच विचारलं, "अन्वर बी वढतो?"

"हाव."

बुरखा चढवून ती दुकानाकडे निघाली. मागं मी. तिनं अन्वरपुढं नुसता हात पसरला. त्यानं खाली बघत वेप काढून दिलं. मग खिशातला सुटा सेलही दिला.

बाहेर आल्यावर माझ्याकडे वळली.

"साल झालं रे. तू बोलला न्हाई. हा बी जळाला असता. आता माझ्या घरी येऊ नको."

रागावलेली नव्हती. शांतपणे म्हणाली, म्हणून जास्त लागलं.

रफिक, तुझा शब्द मोडला. अम्मीचं दार मला बंद झालं. अन्वर फोन उचलत नाही.

नाही उचलला तरी चालेल. जिवंत राहू दे.

फुलाफुलांचं मला लिहिता येत नाही, मित्रा. आठवण येते, लई येते. येतो.