दफनभूमीतली हाक

स्मशानात कुणाला नावानं हाक मारू नये, असं माझी आई सांगायची. नाव कानावर पडलं की तिथले मेलेले ते लक्षात ठेवतात आणि मग त्या माणसाला घेऊन जातात म्हणे. पुढे मी इंजिनिअर झाले, नेदरलँड्सला आले, उइटहॉर्नमध्ये घर घेतलं, दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. पण ही गोष्ट काही डोक्यातून गेली नाही. लोक हसतात. हसू देत.

त्या ऑक्टोबरात माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला वर्गात भाषण करायचं होतं. विषय तिनंच निवडला होता: गुलामगिरीविरुद्ध बोललेला एक जुना पाद्री. त्याचं स्मारक लायडनच्या एका दफनभूमीत होतं. नवरा कामासाठी आइंडहोव्हनला गेलेला, त्यामुळे हे लचांड माझ्या गळ्यात आलं. गाडीतच तिला बजावलं, "आत आरडाओरडा करायचा नाही. कशाला हात लावायचा नाही."

"ओके, आई."

फाटकापाशी मी नकाशा बघत होते. वळले, तर ती नव्हती.

आधी राग आला. मग कालवा दिसला. दफनभूमीच्या कडेनंच वाहत होता, आणि पाण्यावर बारीक हिरवी पानं अशी दाट पसरली होती की हिरवळच वाटावी. कठडा नव्हता. इथली मुलं लहानपणीच पोहण्याचा डिप्लोमा मिळवतात. आमच्या बाईसाहेबांना सारखी सर्दी, त्यामुळे पहिलाच डिप्लोमा अजून बाकी होता.

"अगं ए!" मी ओरडले. "अगं, कुठं आहेस?"

नाव घेतलं नाही. थडग्यावर फुलं ठेवत असलेल्या एका डच आजीबाईंना विचारलं, लाल जाकिटातली मुलगी पाहिलीत का. त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि मग हळूच कालव्याकडे पाहिलं.

मी काठानं पळत सुटले. "अगं! ए!" उत्तर नाही. झाडांखाली आधीच अंधारून आलं होतं. एके ठिकाणी त्या हिरव्या थराला भगदाड पडलं होतं, आणि मधलं काळं पाणी हलत होतं. पाण्यात उडी मारायची तर मलाही पोहता येत नव्हतं. नाव ओठांवर आलं होतं आणि मी ते दातांत धरून उभी होते, जणू तोंडातून सुटलं तर तीच सुटेल.

मग मी तिचं नाव घेतलं. आडनावासकट, जीव खाऊन. तो आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

भगदाडातून एक काळी पाणकोंबडी वर आली. आणि मागून, एका उंच दगडाआडून, आवाज आला, "आय ॲम हिअर!"

ती स्मारकाच्या मागे मांडी घालून बसली होती. मी तिला आधी धपाटा घातला, मग मिठी मारली, मग रडले.

"ओ का दिली नाहीस?"

"तू 'अगं अगं' करत होतीस. आय थॉट फोनवर आजीशी बोलतेयस. अँड यू सेड, ओरडायचं नाही."

मीही तिच्याशेजारी बसले. दगडाच्या पुढच्या बाजूला पाद्र्याचं नाव होतं. मागच्या बाजूला नव्यानं बसवलेली पाटी होती, तिच्यावर नावंच नावं. एका मळ्यावरचे गुलाम, ती म्हणाली, आणि तिनं एका नावाकडे बोट दाखवलं.

"ह्या आईची दोन मुलं होती. दे सोल्ड देम. वेगवेगळ्या ठिकाणी. पाद्र्यानं चर्चमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, धिस इज राँग. लोक खूप चिडले."

मी त्या बाईचं नाव पाहिलं. कालव्याकाठी मी जेवढा वेळ पळत होते, तेवढ्यानंच माझा जीव अर्धा झाला होता. हिनं तर जन्मभर हाका मारल्या असतील. ही कुणाचं लेकरू नेणार?

"मला ही नावं वर्गात वाचायची आहेत," लेक म्हणाली. "इथे प्रॅक्टिस करू? हळू?"

भीती गेली नव्हती. तिच्या जाकिटाची टोपी मी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

"वाच," मी म्हटलं. "मोठ्यानं वाच."